घरातलं पांढरं ‘पॉम’: पॉमेरेनियन की इंडियन स्पिट्झ?

गोव्यात कुठल्याही वाड्यावर जा, एखाद्या बाल्कावात (घरासमोरच्या ओसरीत) पांढरं केसाळ कुत्रं बसलेलं दिसतंच, पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, पोंपों लांबून ऐकू आला की भुंकून घर डोक्यावर घेणारं, आणि विचारलं की मालक म्हणतात ‘पॉम आहे’. बहुतेक वेळा तो इंडियन स्पिट्झ असतो.

मूळ दोघांचं एकच, जर्मन स्पिट्झ. पण तिकडे युरोपात पॉमला पिढ्यानपिढ्या लहान करत नेलं, राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लोरेन्सहून आणलेला मार्को नावाचा पॉम साडेपाच किलोच्या आसपास होता, आजचा पॉम दीड ते साडेतीन किलोचा. इकडे आलेले स्पिट्झ आपल्या उन्हात आणि दमट हवेत वाढले, १९८०-९० च्या दशकांत बाहेरून कुत्री आणणं अवघड होतं तेव्हा घरोघरी पोचले. लहान चणीचा पाच-सात किलो, मोठा बारा ते वीस किलो. एफसीआय या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत पॉम जर्मन स्पिट्झमध्ये येतो, इंडियन स्पिट्झचं नावच नाही, म्हणून लोक त्याला ‘नकली पॉम’ म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. इथली हवा त्यालाच जास्त सोसते.

ओळखायचं तर तोंड बघा. पॉमचं नाक आखूड, कान इवलेसे, जवळजवळ केसांत बुडालेले. स्पिट्झचं तोंड लांबट, कान मोठे आणि पाय उंच. मग अंगावरून हात फिरवा, पॉमचे केस उभे राहतात आणि खालच्या दाट लवेत बोटं रुततात, स्पिट्झची लव विरळ, केस अंगाला बसलेले. रंगावर जाऊ नका, पांढरे पॉमही असतात. दोन महिन्यांची पिल्लं मात्र सारखीच दिसतात, तेव्हा पॉमचे पैसे मोजणार असाल तर आई-बाप बघितल्याशिवाय देऊच नका.

फरक कळला की सांभाळणं सोपं जातं. पॉमची श्वासनलिका नाजूक, गळ्यात पट्टा नको, हार्नेस (छातीवरून बांधायचा पट्टा) घाला, आणि सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, गुडघ्याची वाटी सरकते. स्पिट्झला रोज फिरायला न्यायलाच हवं, बांधून ठेवला की दिवसभर भुंकतो. घरचा भात-मासे चालतात पण काटे काढून, आणि कांदा घातलेलं हुमण (माशांची आमटी) दोघांनाही नको.

मे महिन्यात उकडतं म्हणून दोघांचंही टक्कल करू नका प्लीज, केस पुन्हा नीट येतीलच असं नाही आणि उघडी कातडी उन्हात भाजते. रोज विंचरा, पावसात भिजला की मुळापर्यंत सुकवा, आणि विंचरताना कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा.