डासवाहित विषाणूंवरील लसींची सुरक्षितता

डासांच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या विषाणूंविरुद्ध लस तयार करताना त्या लसीनेच अपाय होऊ नये, यासाठी होणारे संशोधन, चाचण्या आणि वापरानंतरची देखरेख हा या नोंदीचा विषय आहे. पीतज्वर, डेंग्यू, झिका, जपानी मेंदुज्वर आणि वेस्ट नाईल ज्वर यांचे विषाणू फ्लॅव्हिव्हायरस गटातले, तर चिकुनगुन्या आणि घोड्यांना व माणसांना होणारा व्हेनेझुएलन अश्व मेंदुज्वर यांचे विषाणू अल्फाव्हायरस गटातले. हिवतापही डासांमुळेच पसरतो, पण तो विषाणूजन्य नसल्याने येथे त्याचा विचार केलेला नाही.

या रोगांवर विषाणूला थेट मारणारे खात्रीचे औषध नाही आणि डासांचा बंदोबस्त कितीही केला तरी तो टिकवणे अवघड जाते, म्हणून लसीचे महत्त्व मोठे. पण लस सुरक्षित आहे की नाही हे केवळ कुपीतल्या द्रवावर ठरत नाही. ती कोणाला, कोणत्या वयात आणि आधी कोणता संसर्ग होऊन गेल्यावर दिली, यावरही ते ठरते. या क्षेत्रातले बहुतेक कटू अनुभव याच मुद्द्याशी येऊन थांबतात.

पीतज्वराची १७डी ही लस या घराण्यातली सर्वांत जुनी यशस्वी लस. १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून वेगळा केलेला विषाणू मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या प्रयोगशाळेत उंदराच्या व कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतींत पुन्हा पुन्हा वाढवला. मज्जाऊती (मेंदू व मज्जारज्जूचा भाग) काढून टाकलेल्या कोंबडीच्या भ्रूणऊतीत वाढता वाढता तो सौम्य झाला. १९३७ पासून ही लस वापरात आली आणि १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूत नेमके कोणते बदल झाले हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याची संपूर्ण जनुकीय क्रमवारी १९८५ मध्ये उलगडली. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक जग ही लस तिच्या वागणुकीवर विश्वास ठेवून टोचून घेत होते, आणि तो विश्वास बव्हंशी सार्थ ठरला.

बव्हंशी म्हणायचे, कारण १९४२ मध्ये अमेरिकी सैन्यात या लसीनंतर काविळीची मोठी साथ आली. सुमारे ५० हजार सैनिक आजारी पडले. दोष लसीच्या विषाणूचा नव्हता. लस स्थिर राहावी म्हणून तिच्यात माणसाचा रक्तद्रव मिसळला जाई आणि त्यातून हिपॅटायटिस बीचा विषाणू पसरला होता. त्यानंतर रक्तद्रवाविना लस बनू लागली. दुसरा धोका कितीतरी उशिरा, २००१ च्या सुमारास नीट ओळखला गेला: क्वचित एखाद्याच्या शरीरात लसीचाच विषाणू अनिर्बंध वाढून यकृत व इतर अवयव निकामी करतो. असे लाख मात्रांमागे एकाहूनही कमी जणांत घडते, पण साठीच्या पुढे आणि थायमस या छातीतील, प्रतिकारशक्तीशी निगडित ग्रंथीचा विकार असलेल्यांत धोका वाढतो. काही हजार स्वयंसेवकांच्या चाचणीत असा दुर्मीळ परिणाम दिसणेच शक्य नसते. त्यासाठी कोट्यवधी मात्रा दिल्या जाव्या लागतात आणि त्यांच्या नोंदीही कोणीतरी ठेवाव्या लागतात.

डासवाहित विषाणूच्या जिवंत (सौम्य केलेला विषाणू असलेल्या) लसीला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, जी गोवराच्या लसीला द्यावी लागत नाही. लस घेतलेल्याला डास चावला आणि त्याच्या रक्तातला लसीचा विषाणू त्या डासात वाढू लागला तर? मग सौम्य केलेला विषाणू माणसा-डासांच्या फेऱ्यात पडून पुन्हा उग्र होण्याची वाट मोकळी होईल. १७डी विषाणू पीतज्वर पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात नीट पसरत नाही, हा तिचा मोठा गुण. उलट व्हेनेझुएलन अश्व मेंदुज्वरावरील टीसी-८३ या जिवंत लसीचा विषाणू १९७१ मध्ये अमेरिकेतील लुइझियानात पकडलेल्या डासांत सापडला होता. याच रोगावरच्या मृत लसीची कथा त्याहून बोधप्रद आहे. फॉर्मालिन या रसायनाने विषाणू पूर्णपणे मारला न गेल्याने लॅटिन अमेरिकेतील काही साथी लसीच्याच विषाणूपासून सुरू झाल्या असाव्यात, असा निष्कर्ष जनुकीय तुलनेतून निघाला. तेव्हा ‘मृत लस म्हणजे निर्धोक लस’ हे समीकरणही डोळे मिटून मानता येत नाही.

जपानी मेंदुज्वराची जुनी लस उंदराच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून होत असे. मज्जासंस्थेला सूज येण्याच्या एका गंभीर घटनेनंतर जपानने २००५ मध्ये तिची शिफारस थांबवली. पुढे प्रयोगशाळेतील पेशींत वाढवलेल्या लसींनी तिची जागा घेतली. चीनमध्ये विकसित झालेली एसए १४-१४-२ ही जिवंत लसही अनेक देशांत रुजली आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पूर्व-अर्हता, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता, दिली.

सर्वांत बिकट प्रश्न डेंग्यूचा. त्याच्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एकाचा संसर्ग झाल्यावर त्याच्याविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण उरलेल्या तिघांशी गाठ पडल्यास तीच प्रतिकारशक्ती घातक ठरू शकते. प्रतिपिंडे म्हणजे संसर्गानंतर शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने; विषाणूला चिकटणारी पण त्याला निष्प्रभ न करणारी प्रतिपिंडे त्याला भक्षक पेशींच्या आत पोहोचवतात आणि तेथे तो जोमाने वाढतो. थायलंडमधील रुग्णांच्या अभ्यासातून अमेरिकी संशोधक स्कॉट हॉलस्टेड यांना दिसले, की गंभीर डेंग्यू प्रामुख्याने दुसऱ्या संसर्गात होतो. पहिल्याच संसर्गात तो झाला, तर तो रोगप्रतिबंधक प्रतिपिंडे असलेल्या मातांच्या तान्ह्या बाळांना, आईकडून आलेली प्रतिपिंडे ओसरत असताना. यावरून लसीकडून अपेक्षा ठरते: संरक्षण चारही उपप्रकारांपासून एकदम, आणि पुरेसे हवे. अर्धवट संरक्षण हे काहीच नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते.

सनोफी कंपनीच्या डेंगव्हॅक्सिया या डेंग्यू-लसीच्या बाबतीत हीच भीती खरी ठरली. १७डीच्या सांगाड्यावर डेंग्यूची आवरण-प्रथिने बसवलेल्या या लसीला २०१५ च्या डिसेंबरात मेक्सिकोने पहिली मान्यता दिली. चाचणीत सर्वांत लहान मुलांमध्ये तिसऱ्या वर्षी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले होते. त्यामुळे वयाची अट नऊ वर्षांची ठेवली गेली. खरा निकष वयाचा नसून पूर्वसंसर्गाचा होता, हे नंतर उघड झाले. सुरुवातीचे रक्तनमुने थोड्याच सहभागींचे घेतलेले असल्याने ते आधी कळणे कठीण होते. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली काटकसर ती हीच. २०१६ पासून फिलिपिन्समध्ये आठ लाखांवर मुलांना लस टोचली गेल्यावर, नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की आधी डेंग्यू न झालेल्यांना तिच्यामुळे गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. अंदाज असा होता, की अशा दर हजार मुलांमागे पाच वर्षांत पाच जण जास्त रुग्णालयात जातील, तर आधी संसर्ग झालेल्या दर हजारामागे पंधरा जणांचा रुग्णालयवास टळेल. एकूण हिशेब फायद्याचाच होता, पण ज्याचे मूल त्या पाचांत असेल त्याला तो कसा पटावा? मोहीम बंद पडली. लसीकरण महत्त्वाचे आहे असे ठामपणे मानणाऱ्यांचे तेथील प्रमाण २०१५ मधील ९३ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ३२ टक्क्यांवर आल्याचे एका पाहणीत आढळले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लसीआधी रक्ततपासणीची शिफारस केली.

त्यानंतर डेंग्यू-लसीच्या चाचणीत प्रत्येकाचा पूर्वसंसर्ग तपासणे आणि तीन ते पाच वर्षे पाठपुरावा करणे हा रिवाज झाला. ताकेदा कंपनीची क्यूडेंगा लस डेंग्यूच्याच दुसऱ्या उपप्रकारावर आधारलेली आहे. मात्र आधी डेंग्यू न झालेल्यांना तिसऱ्या उपप्रकारापासून तिने संरक्षण दिल्याचे चाचणीत दिसले नाही आणि चौथ्याचे रुग्णच अपुरे होते. म्हणून ती डेंग्यूचा प्रसार तीव्र असलेल्या भागांतील ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी सुचवली गेली आहे.

झिकाची अडचण वेगळीच निघाली. २०१५-१६ च्या साथीनंतर लसी झपाट्याने चाचणीला आल्या, पण साथच ओसरल्याने त्या कितपत परिणामकारक आहेत हे पाहायला रुग्ण उरले नाहीत. शिवाय झिकाने गर्भाला इजा होत असल्याने ज्यांना लसीची गरज सर्वाधिक त्या गर्भवतींना जिवंत विषाणू देणे टाळले जाते.

चिकुनगुन्याच्या साथीही अशाच अवचित येतात. त्यामुळे इक्सचिक या जिवंत लसीला अमेरिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रतिपिंडांच्या पातळीवरून त्वरित मान्यता दिली. २०२५ मध्ये हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील साथीत ती वृद्धांना दिली गेली आणि काहींना गंभीर त्रास झाला. चिकुनगुन्याचा धोका वृद्धांनाच अधिक, आणि लसीचा त्रासही त्यांनाच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने तिचा परवाना स्थगित केला. विषाणूसारखे दिसणारे पण जनुकद्रव्य नसलेले कण वापरणारी दुसरी लस तेथे फेब्रुवारी २०२५ मध्येच मान्य झाली होती. अशा कणांना वाढताच येत नसल्याने लसीचा विषाणू शरीरात पसरण्याचा किंवा डासात शिरण्याचा प्रश्न तिच्याबाबत उद्भवत नाही.