बचनागाचं विष उतरतं कसं?

'झाडपाल्याचंच औषध आहे, त्याने कसला अपाय होणार?' हे वाक्य कानावर पडलं की मला हिमालयातला बचनाग आठवतो. निळ्या-जांभळ्या टोपीसारखी देखणी फुलं आणि जमिनीखाली बोटभर लांबीचं गाजरासारखं मूळ. पूर्व हिमालयातले शिकारी याच मुळाचा लेप बाणाच्या टोकाला लावत. आणि हेच मूळ, वत्सनाभ या नावाने, वैद्य ताप आणि सांधेदुखीवर देत आले आहेत. त्याच्याच वंशातलं अतिविष मात्र इतकं सौम्य, की संस्कृतात त्याला 'शिशुभैषज्या' म्हणजे लहान मुलांचं औषध म्हणतात. फुलं सारखी दिसतात म्हणून गुणही सारखे, असं समजणाऱ्याचा इथे जीव जाऊ शकतो.

बचनाग मारतो कसा, हे मला फार विलक्षण वाटतं. मज्जापेशीच्या पटलात सोडियमसाठी सूक्ष्म दारं असतात. संदेश आला की दार उघडतं, सोडियमचे आयन आत घुसतात, विद्युतलहर पुढे सरकते आणि मिलिसेकंदाच्या आसपास दार आपोआप मिटतं. ते मिटलं तरच पेशी पुढच्या संदेशासाठी सज्ज होते. बचनागाच्या जातींमधली ॲकोनिटिनसारखी अल्कलॉइडं उघड्या दारातच ठाण मांडतात आणि ते मिटू देत नाहीत. मज्जातंतू आधी उगाचच संदेश पाठवत सुटतो, मग थकून गप्प होतो. म्हणून ओठांना नि जिभेला आधी मुंग्या येतात, नंतर बधिरपणा. सांध्यावर चोळलेलं बचनागाचं तेल वेदना दडपतं, त्यामागेही हाच बधिरपणा असावा. हृदयाच्या स्नायूंतही अशीच दारं आहेत. तिथे ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस दगावतो. त्यासाठी शुद्ध ॲकोनिटिन काही मिलिग्रॅमच पुरतं.

मग वैद्य ते देत कसे? शोधन करून. मुळाचे तुकडे गोमूत्रात तीन दिवस भिजवायचे, गोमूत्र रोज बदलायचं, किंवा पुरचुंडी बांधून ती दोलायंत्रात दुधात लोंबकळती ठेवून तासन्‌तास उकळायची. काही विष द्रवात उतरून जातं. उरलेल्याचं जे होतं ते साबण बनवताना तेलाचं होतं तसंच: जलअपघटन, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने रेणूतले बंध तुटणं. ॲकोनिटिनच्या सांगाड्याला एस्टर बंधांनी दोन गट जोडलेले असतात, एक ॲसिटिल आणि एक बेंझॉइल. ॲसिटिल सुटला की बेंझॉइलॲकोनिन उरतं आणि विषारीपणा शेकडो पटींनी घटतो. बेंझॉइलही सुटला की उरतं ॲकोनिन, त्याहूनही सौम्य.

यात गोमूत्राचं पावित्र्य शोधणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की साठवलेल्या मूत्रातल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, द्राव अल्कधर्मी होतो आणि अल्कली एस्टर बंध तोडते. साध्या पाण्यात पुरेसा वेळ उकळूनही हे बंध तुटतात. चीनमध्ये याच वंशातली मुळं उकळून किंवा वाफवून वापरतात. श्रेय द्यायचं ते उष्णता, वेळ आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाला.

मूळ पुरेसं उकळलं की नाही, हे ठरवायला चीनमध्ये एक जुनी कसोटी आहे. जाणकार तुकडा जिभेवर ठेवून पाहतो: मुंग्या जेमतेम जाणवाव्यात, त्याहून जास्त नकोत. जिभेतल्या सोडियमच्या दारांचंच हे मोजमाप. घरी मात्र हे करून पाहू नये, कारण ॲकोनिटिनवर आजही नेमका उतारा नाही. रुग्णालयात हृदयाची लय सांभाळत विष शरीराबाहेर पडण्याची वाट पाहावी लागते.