बाळाला तापाचं औषध देताना: आधी बाटलीवरचा आकडा वाचा

गणपतीत मुंबईहून येणारी मंडळी बाळाचं औषध सोबत आणतात, आणि गावच्या घरी आजीने इथली बाटली आधीच आणून ठेवलेली असते. दोन्हींवर पॅरासिटामॉलच लिहिलेलं असतं. म्हणून दोन्ही औषधं सारखी, असं समजू नका. आमच्या औषधांच्या दुकानात, काउंटरवर याच बाबतीत सर्वात जास्त गोंधळ होतो.

तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये सहसा 1 एमएलमध्ये 100 एमजी औषध असतं. साध्या सिरपमध्ये 5 एमएलमध्ये 120 किंवा 125 एमजी, तर मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये 5 एमएलमध्ये 250 एमजी. डोस ठरतो तो बाळाच्या वजनावर, वयावर नाही: दर किलोमागे एका वेळी 10 ते 15 एमजी. म्हणजे 6 किलोच्या बाळाला 60 एमजी द्यायचं, तर ड्रॉप्स 0.6 एमएल पुरतात आणि 120 एमजीचं सिरप अडीच एमएल लागतं. अडीच एमएल सिरपची सवय असलेल्या हाताने तेवढेच ड्रॉप्स दिले, तर बाळाच्या पोटात 250 एमजी जातं. चौपटीहून जास्त! जादा पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते आणि सुरुवातीला बाहेरून काही दिसतही नाही. चुकून जास्त गेलं असेल, तर बाळ खेळतंय म्हणून थांबू नका, बाटली घेऊन लगेच दवाखाना गाठा.

चहाचा चमचा वापरू नका. ज्या बाटलीचा ड्रॉपर, त्याच बाटलीला. बाटली हलवून घ्या, बाळाला जरा उठतं धरा आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडंथोडं सोडा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून तर मुळीच देऊ नका. दोन डोसमध्ये किमान 4 ते 6 तास जाऊ द्या, दिवसभरात 4 पेक्षा जास्त डोस नकोत. कोणी, किती वाजता दिलं ते कॅलेंडरवर लिहा. घरात माणसं जास्त असली की आईने दिलेलं काकूला ठाऊक नसतं.

बाळ दूध पितंय, हसतंय, तर अंग थोडं कोमट लागलं म्हणून औषधाची घाई नको. औषध तापाचं कारण घालवत नाही, बाळाला आराम देतं. गोधडीत गुंडाळू नका, सैल सुती कपडे घाला, वरचेवर अंगावर पाजा. लसीनंतरच्या तापासाठी किती द्यायचं, ते लस देणाऱ्या सिस्टरलाच विचारून घ्या.

पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूची साथ असते. अशा वेळी आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड या तापाच्या दुसऱ्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो; डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती आमच्याकडे मागू नका, आम्ही देणार नाही. मुलांना ॲस्पिरिन नको. निमेसुलाइड या तापाच्या औषधावर 12 वर्षांखालील मुलांसाठी 2011 पासून बंदी आहे, जुनी बाटली कपाटात असेल तर काढून टाका.

बाळ 3 महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 100.4 फॅरेनहाइट किंवा जास्त असेल, तर घरी औषध देऊन वाट पाहू नका, रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्या. बाळ कोणत्याही वयाचं असो, ते दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, झटका आला, श्वास जोरात चालला किंवा लघवी कमी झाली, तर तेच करा. वाडीतून गाडी मिळत नसेल तर 108 ला फोन लावा.