ट्यूब, चोक आणि वॅटचा घोळ : अ‍ॅक्वेरियममधील ‘ओव्हरड्राइव्ह’ची पार्श्वभूमी

भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावातून किंवा बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, आणलेली हायड्रिला ही पाणवनस्पती घरच्या टाकीत लावली, की काही दिवसांत तिची खालची पाने गळतात आणि शेंडा तेवढा लांबत जातो. उजेड अपुरा पडल्याचे हे लक्षण आहे. टाकीवर दुसरी ट्यूब बसवायला जागा नसते, म्हणून आहे त्याच ट्यूबला जास्त वॅटचा इलेक्ट्रॉनिक चोक जोडण्याची, म्हणजेच ती ‘ओव्हरड्राइव्ह’ करण्याची, पद्धत रूढ झाली. परदेशातील हौशी मंडळी २००० नंतरच्या दशकात एकाच चोकच्या दोन किंवा चार जोडण्या एका ट्यूबला देत असत. आपल्याकडे मात्र इलेक्ट्रॉनिक चोक आला तो वेगळ्या कारणाने : शेतीपंप सुरू झाले, की व्होल्टेज पडे आणि लोखंडी चोकवरची ट्यूब स्टार्टरसह नुसती लुकलुकत राही.

‘वॅट’ या शब्दाने या विषयात सर्वाधिक गोंधळ घातला आहे. चोकवर छापलेले वॅट जशेच्या तसे ट्यूबला मिळतात, ही समजूत चुकीची आहे. ट्यूब पेटल्यावर तिच्यातील वायूचा विरोध घटत जातो आणि वाढू पाहणाऱ्या प्रवाहाला आवर घालणे हेच चोकचे काम असते. म्हणून पाहायचा तो मिलिअँपिअरचा आकडा. टी-१२, म्हणजे १२ सूत जाडीची ४० वॅटची ट्यूब आणि नंतरची टी-८ची ३६ वॅटची ट्यूब एकाच लोखंडी चोकवर, सुमारे ४३० मिलिअँपिअरवर चालत. तीच टी-८ इलेक्ट्रॉनिक चोकवर सुमारे ३२० मिलिअँपिअर आणि ३२ वॅटवर चालावी, असे मानक आहे, कारण उच्च वारंवारतेला कमी विजेत तेवढाच उजेड मिळतो. तिला ५४ वॅटच्या टी-५चा, ४६० मिलिअँपिअरचा चोक लावला, तर या मानकाच्या जवळपास दीडपट प्रवाह जातो. पण जुन्या लोखंडी चोकपेक्षा तो जेमतेम ७ टक्के जास्त भरतो. माझ्या मते याला ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणणेच योग्य नाही.

खरा धोका २८ वॅटच्या टी-५ला आहे. ती १७० मिलिअँपिअरसाठी बनलेली असते, पण ५४ वॅटच्या ट्यूबइतकीच लांब आणि तशाच पिनांची असल्यामुळे ५४ वॅटच्या चोकवर सहज बसते. अशा ट्यूबची दोन्ही टोके काजळी धरल्यासारखी काळी पडलेली आणि होल्डरचे प्लास्टिक तपकिरी झालेले मी माझ्याच टाकीवर पाहिले आहे.

शिवाय टी-८ सर्वाधिक उजेड देते ती २५ अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद झाकणाखाली वाढीव प्रवाहाने ट्यूब आणखी तापते, तिच्यातील पाऱ्याच्या वाफेचा दाब प्रमाणाबाहेर जातो आणि खर्च केलेल्या विजेच्या मानाने उजेड फारसा वाढत नाही.

फ्लुरोसंट ट्यूब बाजारात आली १९३८ साली, अमेरिकेत. पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय कराराखाली २०२३ मध्ये झालेल्या निर्णयानुसार सरळ ट्यूबचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचे आहे. तालुक्याच्या दुकानात आताच एलईडी पट्ट्या दर्शनी भागात टांगलेल्या असतात आणि ३६ वॅटची ट्यूब मागितली, तर ती आतल्या फळीवरून धूळ पुसून काढून द्यावी लागते.