जहाजाचा खरा शत्रू पाऊस

खाऱ्या पाण्यात राहून जहाज कुजतं, असं आपण नागपूरकर सहज म्हणून जातो. समुद्र इथून लांब, त्यामुळे कुणी हटकतही नाही. इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरात जुन्या जहाजांचा ताफा जपून ठेवलेलं संग्रहालय आहे. मुलांकडे लंडनला जाणाऱ्यांनी एक अख्खा दिवस काढून तो बघावा. हा समज तिथं पार उलटा पडतो.

ट्रफाल्गरच्या 1805 च्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सन ज्या जहाजावर होता, ती 'व्हिक्टरी' 1922 पासून कोरड्या गोदीत उभी आहे. समुद्र तिला शिवतही नाही, तरी तिचं ओक लाकूड सडतंय. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही. पूर्ण बुडालेल्या लाकडात तिला हवा मिळत नाही, शिवाय मीठही तिला मानवत नाही. पावसाचं गोडं पाणी मात्र फळ्यांच्या सांध्यांत उतरतं आणि मुक्काम ठोकतं. आपल्या जुन्या घरांची चौकट फरशीला टेकते तिथंच आधी पोकळ होते, तसंच हे. बुरशीने मऊ केलेल्या ओकमध्ये मग भुंगेरे घर करतात. आता व्हिक्टरीवर आच्छादन घालून सडलेल्या फळ्या काढण्याचं मोठं काम चालू आहे.

शेजारीच 'मेरी रोज' ही जुनी इंग्लिश युद्धनौका. ती 1545 मध्ये बुडाली आणि 1982 मध्ये वर काढली गेली. दिसते ती अर्धीच. जी बाजू गाळात रुतली होती, तिथं हवा पोचली नाही म्हणून ती टिकली. उघडी बाजू समुद्राने खाल्ली. यात मोठा वाटा टेरेडोचा. नाव जहाजकिडा असलं तरी हा किडा नाही, शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे. आपल्या कवचाने तो लाकूड कोरतो आणि कल्ल्यांतल्या जिवाणूंच्या विकरांच्या मदतीने ते पचवतो. वर काढलेलं लाकूड नुसतं वाळवलं असतं तर आकसून तडकलं असतं. म्हणून आधी त्यावर थंड पाणी आणि नंतर 1994 ते 2013 पर्यंत पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ फवारत राहिले. पेशींतल्या पाण्याची जागा त्याने घेतली. एवढा धीर आपल्याकडच्या वाड्यांच्या वाट्याला कधी येणार, कोण जाणे.

आता सागाचं बघू, जहाजं त्याचीही बांधायचे. नवीन संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं, हे इथल्या लकडगंजच्या लाकूडबाजारात कुणीही सांगेल. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात. त्यांतलं टेक्टोक्विनोन वाळवीला नकोसं. बाहेरच्या फिकट लाकडात ही ताकद नसते, म्हणून जाणकार सुतार गाभ्याचाच तुकडा मागतो. ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडी खिळे गंजवतं, साग तसं करत नाही. टेरेडोपुढे मात्र सागही पूर्ण टिकत नाही, म्हणून जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकायचे.

नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडला ओकची चणचण भासू लागली आणि नौदलाने मुंबईकडे मोर्चा वळवला. वाडिया घराण्याने तिथं मलबारच्या सागातून 'ट्रिंकोमाली' बांधली, ती 1817 मध्ये पाण्यात उतरली. पोर्ट्समथच्या खाडीत तिने अनेक वर्षं काढली. 1987 मध्ये तिला दुरुस्तीसाठी ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूलला नेलं. ती आज तिथंच आहे, पाण्यावर. ब्रिटनमध्ये अजून तरंगत असलेली ही सर्वांत जुनी युद्धनौका.