पहिलं क्रेडिट कार्ड आणि त्याआधीच्या वह्या

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या बँकेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक ताई बसल्या होत्या. अंगणवाडीत मदतनीस. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आधार, पॅन, पासबुक आणि बचत गटाचं कोपरे दुमडलेलं पुस्तक. मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. क्रेडिट कार्ड असेल तर बिनव्याजी हप्ते पाडून देतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सिबिल स्कोअरच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणाऱ्या आकड्याच्या, जागी उणे एक. "ताई, तुमची हिस्ट्रीच नाही," साहेब म्हणाले. ताईंनी गटाचं पुस्तक पुढे सरकवलं. "मंग दहा वर्स म्या गटात पैसे भरले, ते कोठी गेले साहेब?"

साहेब चांगले होते, पण या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर शोधायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या वावरांकडे साऱ्यांचं लक्ष गेलं. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. कापूस हे नगदी पीक, आणि नगदी पिकाला पेरणीआधीच नगद लागते. बियाणं, बैल, सालदाराची उचल, वर सरकारचा सारा, तोही रोख. गावात नगद सापडे ती सावकाराच्या घरी.

त्या सावकाराची लाल कापडी बांधणीची वही नीट समजून घ्यायला हवी. कोणाचं वावर ओलिताचं, कोणाची बैलजोडी म्हातारी, कोणाच्या घरी यंदा लग्न, कोणाचा बाप शब्दाला पक्का होता, हे सगळं त्याला ठाऊक असे आणि त्यावरून तो उधारीची मर्यादा ठरवी. आज कंपन्या संगणकावर करतात ते काम तो ओसरीवर बसून करत होता. माहिती बहुतेक खरी असे. पण वही त्याची होती. कास्तकाराने वीस वर्षं चोख फेड केली तरी ती पत त्याला उचलून दुसऱ्या गावच्या सावकाराकडे नेता येत नसे. कोऱ्या कागदावर अंगठा देणाऱ्याला तर आपल्या नावावर काय लिहिलंय तेही कळत नसे. दीडीने उचललेलं धान्य सुगीला दीडपट होऊन परत जाई. १८९९-१९०० च्या छपन्नच्या दुष्काळात घेतलेलं कर्ज पुढच्या पिढीच्या माथी आल्याच्या गोष्टी आमच्याकडे म्हातारी माणसं अजून सांगतात.

कायदे झाले. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या उठावानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, पण तो सुरुवातीला त्या चार जिल्ह्यांपुरता. मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज तडजोडीचा कायदा यायला १९३३ उजाडलं, सावकारी नियंत्रणाचा १९३४ मध्ये आला.

सहकारी पतसंस्थांचा कायदा मात्र १९०४ चा. त्यातून गावोगावी सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी वजन सावकाराचंच राहिलं. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी करवली. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास निघाला, सहकाराचा जेमतेम ३ आणि व्यापारी बँकांचा १ टक्काही नाही. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ पासून ग्रामीण बँका आल्या, १९८२ मध्ये शेती आणि ग्रामीण विकासासाठीची बँक, नाबार्ड. गावात कर्जाचं दार खरोखर उघडलं ते या काळात.

पण दार उघडलं ते जमिनीसाठी. सोसायटीचं पीककर्ज म्हणजे सातबारावर चढलेला बोजा. पत माणसाची नव्हे, वावराची. मार्च आला की गटसचिवाकडे रांग लागते आणि 'नवं-जुनं' होतं: हातउसने आणून जुनं कर्ज भरायचं, तेच नव्याने उचलायचं, उसने परत करायचे. वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाला आपण कर्ज फेडतोय असंच वाटतं, आणि तो खोटं बोलत नसतो. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचं काय? शेतमजूर, ठेक्याने वावर वाहणारा, आणि घरातली बाई. निंदण, वेचणी, गुरं सगळं तिच्या अंगावर, कागदावर मात्र तिचं नाव नाही.

तिच्यासाठी बचत गट आला. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासूनचं, आणि गटांना बँकेशी जोडायची नाबार्डची सुरुवात १९९२ ची. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत गावातल्या पतव्यवहाराला मिळालेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. दर महिन्याची बैठक, पट्टीने आखलेलं रजिस्टर, नावापुढे शंभर रुपये, सही. पण बँकेचं कर्ज गटाच्या नावावर. ताईंचा हप्ता गटाच्या रजिस्टरात बरोबर लागला, पण बँकेकडून पुढे गेलं ते गटाचं खातं. सभासदांची वेगवेगळी माहिती पतमाहिती कंपन्यांना, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, द्यावी, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये दिल्या. पण ताईंच्या नावावर काही पोचलं नव्हतं. त्यांचे हप्ते कोठी गेले, याचं उत्तर हे आहे: ते गटाच्या वहीत आहेत, आणि ती वही बँकेची स्क्रीन वाचत नाही.

स्क्रीन वाचते ती वही तशी नवी. सिबिल ही कंपनी २००० मध्ये स्थापन झाली, २००४ पासून व्यक्तींच्या कर्जाच्या नोंदी देऊ लागली आणि २००५ मध्ये त्यासाठी कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत, पण आमच्याकडे सगळ्यांनाच 'सिबिल' म्हणतात. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. उणे एक म्हणजे थकबाकीदार नव्हे, त्या नावावर वाचायला काही नाही एवढंच. हा फरक बँकेच्या खिडकीवर कोणी समजावून सांगत नाही, आणि माणसं मान खाली घालून घरी जातात. मला याचं फार वाईट वाटतं. २०२५ मध्ये तर सरकारने संसदेतच सांगितलं, की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलं आहे. बँक उत्पन्न पाहील, इतर चौकशी करेल, तो तिचा अधिकार. पण उणे एक हे एकटं कारण पुरेसं नाही.

आता कार्डाकडे येऊ. नावामुळे एक गोंधळ होतो. १९९८ मध्ये आलेलं किसान क्रेडिट कार्ड हे पीककर्जाचं खातं आहे. वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. जनधनच्या खात्यावर मिळालेलं रुपे कार्ड हे आपलेच पैसे काढायचं कार्ड. क्रेडिट कार्ड ही तिसरीच वस्तू. भारतात बँकेने काढलेलं पहिलं कार्ड सेंट्रल बँकेचं, १९८० चं. ते वाढलं शहरातल्या पगारदारांच्या हातात, आणि त्याची रचना अजूनही तशीच आहे.

वऱ्हाडातल्या माणसाने थांबून बघावं असं हेच आहे. आमच्या घरात पैसा दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा येतो, मग संक्रांतीच्या आगेमागे कापसाचा, थोडा तुरीचा. सावकार, सोसायटी, कृषी केंद्राचा दुकानदार, सगळे सुगीपर्यंत थांबतात. कार्डाचं बिल दर महिन्याला येतं, त्याला पोळा कळत नाही की वेचणी. बिल वेळेत पूर्ण भरलं तर खरेदीवर व्याज नाही. 'किमान रक्कम' भरून पुढे ढकललं तर महिन्याला ३ ते पावणेचार टक्क्यांच्या घरात, शिवाय त्या व्याजावर जीएसटी. गावच्या भाषेत शेकडा तीन, म्हणजे सावकाराचाच दर. वेचणीची मजुरी द्यायला कार्डावरून रोकड काढली तर पहिल्या दिवसापासून मीटर सुरू, वर रोकड काढण्याचं शुल्क वेगळं.

म्हणून पेरणीसाठी कार्ड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेरणीला पीककर्ज आहे. ज्या घरात दर महिन्याला ठरावीक काही येतं, म्हणजे दुधाचं बिल, मानधन, एसटीतली नोकरी, किराणा दुकान, त्या घरात कार्ड चालतं, आणि तेही विजेचं बिल किंवा मोबाइलच्या रिचार्जसाठी.

कोऱ्या नावाने सुरुवात करायची तर सोपी वाट मुदत ठेवीवरच्या कार्डाची आहे. बँकेत ठेव ठेवायची आणि तिच्या साधारण ७५ टक्क्यांपासून पुढे मर्यादेचं कार्ड घ्यायचं. ठेव तारण असल्याने बँक स्कोअरसाठी अडून बसत नाही, आणि ठेवीवर व्याजही चालू राहतं. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वापरू नये आणि बिल पूर्ण भरावं. सहा-सात महिन्यांत उणे एक जाऊन आकडा दिसू लागतो.

अर्जाआधी स्वतःच्या कर्जनोंदींचा अहवाल मात्र बघाच. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा आहे. आमच्या भागात हे फार गरजेचं, कारण २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांत बसलेल्या एखाद्या खात्यावर अजून 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवलेलं) किंवा 'राइट ऑफ' (बुडीत धरलेलं) असा शिक्का असू शकतो. चूक दिसली तर तक्रार करता येते. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

त्या ताईंनी लॅपटॉप तेव्हा घेतला नाही. गटातून उचलून आणि साठवलेले घालून वीस हजारांची ठेव ठेवली, तिच्यावर सोळा हजारांचं कार्ड घेतलं. वीजबिल आणि गॅस, बाकी काही नाही. भाद्रपदात पुन्हा भेटल्या तेव्हा अहवालाचा कागद दाखवला. त्यात महिन्यांची चौकट असते, हप्ता किती दिवस थकला ते तिथे लिहितात. सात घरं भरली होती, प्रत्येकात तीन शून्यं. कागद त्यांनी घडी घालून गटाच्या पुस्तकात ठेवला.