बायोसेन्सरची विश्वासार्ह कक्षा: 10 ते 90 टक्क्यांचा नियम आणि त्यावरचा वाद

बायोसेन्सर म्हणजे ठरावीक पदार्थ (लिगँड) चिकटला की ज्याची चमक बदलते असा रेणू. या लिगँड-बंधनाचे गणित जुनेच. 1910 मध्ये हिमोग्लोबिनसाठी मांडलेले समीकरण आजही सॉफ्टवेअरमध्ये जवळपास तसेच वापरतात. एकच बंधनस्थळ असेल तर सेन्सर 10 टक्के भरण्यापासून 90 टक्के भरेपर्यंत लिगँडची संहती 81 पट वाढते: केडीच्या (ज्या संहतीला निम्मे सेन्सर भरतात तिच्या) नवव्या हिश्श्यापासून नऊ पटींपर्यंत. ‘मोजमापाची कक्षा’ म्हणून अनेक वर्षे हीच सांगितली गेली.

1985 मध्ये फ्युरा-2 हे कॅल्शियमला चिकटणारे, चमकणारे रंगद्रव्य आले आणि 340 व 380 नॅनोमीटरवर उत्तेजित करून मिळणाऱ्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून कॅल्शियम मोजणे रूढ झाले. पेशीची जाडी, रंगद्रव्याचे प्रमाण यांचा प्रश्न बराचसा मिटला. पुढे 1997 पासून जनुकीय (पेशी स्वतःच बनवते असे) कॅल्शियम सेन्सर आले, मग पेशीतील ऑक्सिडीकरण-क्षपणाची स्थिती मोजणारे रेडॉक्स सेन्सर. गुणोत्तराची पद्धत सगळ्यांनी उचलली आणि तिच्यासोबत 10–90चा नियमही, फारशी चौकशी न करता.

खरा वाद इथेच आहे. समजा, गुणोत्तर 1 ते 5 मध्ये फिरते, केडी 100 नॅनोमोलर आहे, दुसऱ्या तरंगलांबीवरची चमक बंधनाने बदलत नाही आणि गुणोत्तर मोजताना 2 टक्के चूक होते. 10 टक्क्यांच्या टोकाला संहतीतली चूक 8 टक्क्यांच्या आसपास राहते. 90 टक्क्यांच्या टोकाला मात्र 900 नॅनोमोलरच्या जागी 713 ते 1199 यांतले काहीही हाती येऊ शकते. नियम दोन्ही टोकांना सारखेच वागवतो, चूक तसे वागत नाही. गुणोत्तर 1 ते 1.5 इतकेच फिरत असेल तर केडीवरच, म्हणजे कक्षेच्या ऐन मध्यावर, चूक 20 टक्क्यांच्या घरात जाते. अशा सेन्सरला 81 पटींची कक्षा बहाल करणे म्हणजे निव्वळ उदारपणा!

म्हणून नवी साधने प्रश्न उलटा घालतात: गुणोत्तराची दोन टोके, केडी, दुसऱ्या तरंगलांबीवर मोकळ्या व बद्ध सेन्सरच्या चमकेचे प्रमाण आणि आपल्याच सूक्ष्मदर्शकावर मोजलेली चूक द्या, किती चूक चालेल तेही सांगा. मग प्रत्येक संहतीला चूक काढून, ती मर्यादेत राहते तेवढाच पट्टा दाखवला जातो. मर्यादा 10 टक्के की 30, हे वापरणाऱ्यानेच ठरवायचे.

केडीचे काय, हा प्रश्न उरतोच. फ्युरा-2चा केडी 20 अंश सेल्सिअसला सुमारे 135, तर 37 अंशांना सुमारे 224 नॅनोमोलर नोंदवला गेला होता. केवळ गुणोत्तराच्या चुकीवरून काढलेल्या पट्ट्यात ही तफावत कुठेच येत नाही.